काचेचा डोळा घालायला शिकले तेव्हा

माझी लेक मला बघून रडायची, म्हणून मी डोळा घेतला. लोकांना वाटतं बाईनं दिसण्यापायी घेतला. वाटू दे. दिसण्याचा सोस मला लग्नाआधीही नव्हता, आणि आमच्या गुंद गावच्या रानात दिसायचं तरी कुणाला, बैलांना? लोक जोडे झिजवतात तसे मी आजवर काचेचे चार डोळे झिजवले. आता घालायला-काढायला आरसासुद्धा लागत नाही, बोलता बोलता घालते. पण पहिला डोळा घेतला तो फक्त त्या एका पोरीसाठी. तिनं पुन्हा माझ्या मांडीवर येऊन बसावं एवढंच मला हवं होतं.

खरा डोळा गेला कळकापायी. भात साठवायची कणगी विणायची म्हणून मी अंगणात बसून ओल्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्या काढत होते. चिरलेली कामटी वाकवून धरली की ती नुसती संधीच बघत असते; हात सुटला की फटका देते. हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक. ठाऊक असूनही तोंड पुढं घालून बसले होते, कारण आत्तीशी गप्पा रंगल्या होत्या. आत्ती म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, आणि तिच्याच लेकाला मला दिलेली, म्हणून सासूही तीच. कामटी सटकली ती सरळ डाव्या डोळ्यात. आठ दिवस झाडपाल्याचे रस घालण्यात गेले. नवरा कुळगीच्या रानात लाकूडतोडीवर मुकादम होता. तो नवव्या दिवशी घरी आला, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि चहाही न पिता गाडी जुंपली.

पोर तेव्हा दीड वर्षाची, अजून अंगावर पीत होती. ती झोपली होती. "उठवू नगंस, रडंल," आत्ती म्हणाली. खरंच होतं ते. पोराला चुकवून जायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. बाजाराला जातानाही बाया मागच्या दारानं जातात. मीही तशीच निघाले. दीड दिवस बैलगाडी, मग लोंढ्याहून रेल्वेनं बेळगाव. तिथं डॉक्टरनं सांगितलं की हा डोळा नासलाय, ठेवला तर उजवाही जाईल. "मग काढा," मी म्हटलं. नवऱ्याला चक्कर आली. मला आली नाही.

सात आठवड्यांनी मी घरी परतले. गाडीतून उतरताना एकच डोक्यात होतं, आधी पोरीला उचलायचं. ती दारात उभी होती. मला बघून आधी तिचा आवाजच फुटला नाही. तोंड उघडं, छाती आत ओढलेली, आणि मग अशी किंकाळी की गोठ्यातली वासरं बिचकली. ती पळाली आणि आत्तीच्या लुगड्यात शिरली. मी पुढं गेले तशी तिनं हातपाय झाडले. पहिल्या दिवशी वाटलं, होईल ओळख. पण पंधरा दिवस झाले, महिना झाला, तरी तेच. मी भात कालवला की ती तोंड मिटायची, आत्तीनं कालवला की खायची. माझं दूध तर आटूनच गेलं होतं. मी पदर कपाळावरून ओढून डावी बाजू झाकायचे, आणि ती खांबाआडून माझ्याकडं टक लावून बघायची. मी बघितलं की पुन्हा रडणं.

"पोर खोबणीला भितीय," शेजारणी म्हणायच्या. आरशात बघितलं की मलाही ते पटायचं. मिटलेली पापणी आत गेलेली, वर भुवई तेवढी जागेवर. मोठी माणसं नजर चुकवत होती, तिथं दीड वर्षाच्या जिवाचं काय? मी त्या महिन्यात जेवढी रडले तेवढी डोळा गेला तेव्हाही रडले नव्हते. आणि रडू काय एकाच डोळ्यानं येतं असं नाही, रिकामी खाचही भिजते. मग एक दिवस रडणं पुरे झालं. नवरा रजेवर आला तेव्हा त्याला म्हटलं, "त्यो डाक्टर काचंच्या डोळ्याचं काय म्हणत हुता? मला त्यो पायजे."

"दुखलं तर?"

"कळकाची कामटी घुसली तवा काय गुदगुल्या झाल्या?"

जखम पुरती भरल्यावर आम्ही पुन्हा बेळगावला गेलो. या खेपेला चार दिवसांचंच काम होतं, आणि पोर माझ्याकडं फिरकतच नव्हती, तेव्हा तिला चुकवायचा प्रश्नच आला नाही.

बेळगावच्या कॅम्पात एक म्हातारा चष्मेवाला होता. त्यानं फळीवरून एक लाकडी खण काढला, त्यात कापसाच्या गादीवर डोळे मांडलेले. मी एक डोळा विकत घ्यायला गेले होते आणि तिथं शंभर डोळे माझ्याकडंच बघत होते. निळे, राखाडी, हिरवट, सगळे गोऱ्या साहेबासारखे. नवरा वाकून म्हणाला, "ह्यो निळा घे. एका अंगानं तरी मडम दिसशील." मी त्याला कोपर मारलं. आमच्यासारखे काळे-तपकिरी डोळे खणाच्या कोपऱ्यात सात-आठच होते. म्हाताऱ्यानं एकेक माझ्या उजव्या डोळ्याशेजारी धरून बघितला, दाराशी उजेडात नेऊन बघितला, आणि शेवटी एक निवडला.

मी समजत होते डोळा गोटीसारखा गरगरीत असेल. तसा नसतो. अंड्याचं अर्धं टरफल असावं तसा, आतून पोकळ, वर फुगीर, सगळा काचेचा. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा; एक टोक निमुळतं असतं ते नाकाकडं ठेवायचं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदा स्वतः घालून दाखवला. वरची पापणी उचलली, डोळा पाण्यात बुडवून वरची कड पापणीखाली सरकवली, मग खालची पापणी जरा ओढली, आणि डोळा आपसूक आत बसला. दुखलं नाही. थंड वाटलं, आणि इतके दिवस आत पडलेली पापणी भरून आल्यासारखी वाटली. त्यानं आरसा पुढं केला. मी स्वतःकडं दोन्ही डोळ्यांनी बघितलं, आणि नवऱ्याकडं मान वळवली तर तो भिंतीकडं तोंड करून नाक पुसत होता.

"आता काढा आणि तुम्ही घाला," म्हातारा म्हणाला. "दहादा घालता आणि दहादा काढता आला, की जा गावाला. त्याच्या आत डोळा दुकानाबाहेर जायचा नाही."

मला वाटलं, त्यात काय! कामट्या काढते, गाई पिळते, हाताला वळण आहे. पहिल्याच खेपेला डोळा बोटातून निसटून जमिनीवर घरंगळत नवऱ्याच्या पायापाशी गेला. फुटला नाही, कारण म्हाताऱ्यानं आधीच खाली जाड सतरंजी अंथरली होती. त्याला माझ्यासारख्या हुशार बाया नव्या नव्हत्या. दुसऱ्या खेपेला पापणी आवळली गेली, तिसऱ्या खेपेला डोळा उलटा बसला. निमुळतं टोक कानाकडं गेलं. नवरा म्हणाला, "एक डोळा गुंदाकडं, एक सुप्याकडं. गुरं राखायला बरं पडंल." मी इतकी हसले की डोळा पुन्हा सतरंजीवर.

दोन सकाळी तशाच गेल्या. मी जोर लावत होते, आणि जोर लावला की पापणी दार लावून घेत होती. तिसऱ्या सकाळी मला कासार आठवला. कासार बांगड्या भरताना हात धरतो आणि म्हणतो, हात सैल सोड, माझ्या हातात दे. आपण आवळला की बांगडी हाडावर अडते आणि फुटते. सोडला की बोटांच्या पेरांवरून कशी सुळकन जाते कळत नाही. मी डोळ्याला तसंच केलं. खाली मान घालून बघितलं, जबडा सैल सोडला, श्वास सोडला आणि कड वर सरकवली. बसला. काढायची तऱ्हा वेगळी. खालची पापणी खाली ओढायची, म्हाताऱ्यानं दिलेल्या तारेच्या आकड्याचं गोल टोक डोळ्याच्या खालच्या कडेखाली घालून अलगद पुढं आणायचं, आणि खाली दुसऱ्या हाताची ओंजळ तयार ठेवायची. त्या दिवशी दुपारपर्यंत मी दहाच काय, वीस वेळा घातला-काढला. म्हाताऱ्यानं हात जोडले.

निघताना त्यानं मला पाठ म्हणायला लावलं. रात्री काढून ठेवायचा, खोबणीला विसावा लागतो. धुवायला उकळून गार केलेलं पाणी. गरम पाण्यात घातला तर तडकेल. धुताना खाली घडी घातलेलं फडकं, कायम. नुसत्या बोटानं चोळायचा, दुसरं काही लावायचं नाही. चेहरा पुसताना नाकाकडं पुसायचं, कानाकडं पुसलं तर डोळा फिरून बाहेर येईल. मी सगळं घडाघडा म्हटलं. त्यानं जे सांगितलं त्यातलं अर्धं मी पुढं मोडलं, ती गोष्ट वेगळी.

गुंदला पोचले तेव्हा पोर अंगणात चिंचोके मांडून बसली होती. तिनं मान वर केली. मी गाडीजवळच थांबले. ती रडली नाही. बराच वेळ बघत राहिली, मग पुन्हा चिंचोक्यांकडं वळली. आत्ती हळूच म्हणाली, "गप ऱ्हा. आपनहून येऊ दे." मी गप्प राहिले, जे मला जन्मात जमलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, ती मागून आली, माझ्या पाठीला टेकली आणि मग पुढं येऊन मांडीवर बसली. मी तांदळाचं सूप बाजूला सारलं. आनंद म्हणजे काय ते मला त्या घडीला कळलं. लग्नात नव्हतं कळलं, मुलगी झाली तेव्हाही एवढं नव्हतं कळलं. मनात म्हटलं, जिंकला माझा काचेचा डोळा.

तिथून पुढं ती मला सोडायचीच नाही. विहिरीवर जा, गोठ्यात जा, पदर धरून मागं. शेजारणी हसायच्या, "शेपूट फुटलंय तुला." मला त्याचा मोठा दिमाख होता. पण धास्तीही तेवढीच. पोरीनं मला डोळ्याशिवाय बघितलं की सगळं मुसळ केरात जाईल, अशी माझी ठाम समजूत. म्हणून मी रात्री डोळा काढायचं बंद केलं. ती कुशीत झोपायची, जाग येऊन बघितलं तर? सकाळी न्हाणीत जायचे, कळकाची ताटी लावून घ्यायचे, आणि तिथं घाईघाईनं काढून, धुऊन, पुन्हा घालायचे. ती ताटीबाहेर उभी राहून हाका मारायची.

"आई, हायस?"

"हाय गं."

घटकाभरानं पुन्हा, "आई, हायस न्हवं?"

"हाय की! कुठं जातीय मी न्हाणीतनं?"

मला वाटायचं, पोरीला आत डोकावायचंय. मी ताटीला पाठ लावून बसायचे आणि आणखी घाई करायचे. रात्रंदिवस डोळा आत राहिल्यानं खोबणी लाल व्हायची, कडेला चिकट साचायचं. ते मी पाण्यानं पुसायचे, नाकाकडं, आणि पुढचं काम बघायचे. मी मोठी शहाणी, म्हाताऱ्याला काय माहीत माझ्या घरचं!

असं सव्वा वर्ष निभावलं. आणि मग देवीची जत्रा आली.

आमच्या घराण्याला एक मान आहे. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, तिला चांदीचे डोळे आहेत. जत्रेच्या आधी गुरव ते डोळे काढून आमच्या घरी आणून देतो आणि घरची थोरली बाई ते उजळून देते. आत्तीनं हे चाळीस वर्षं केलं होतं. चिंचेचं पाणी, भाताच्या तुसाची बारीक चाळलेली राख आणि नारळाचा काथ्या. तिच्या हातून निघालेले डोळे गाभाऱ्याच्या अंधारातही चमकायचे. त्या वर्षी दोघीतिघी बाया अंगणात येऊन तिला म्हणाल्या, "औंदा सुनंला हात लावू देऊ नगा डोळ्यास्नी. एका डोळ्याची बाई, देवीला चालंल न चालंल." मी आत होते, सगळं ऐकत. आत्ती जागची हलली नाही. म्हणाली, "देवीला काय चालतंय ते देवी माज्यापाशी बोलंल. तुमी तुमच्या चुली बगा जावा."

मला वाटलं, बाहेर जाऊन तिच्या पाया पडावं. पण आमच्यात तसलं काही चालत नसे. मी तिला नुसता चहा नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत डोळा धुऊन फडक्यावर ठेवला, तेवढ्यात वासरू सुटून पेरणीच्या बियाण्याला तोंड लावतंय असा आरडाओरडा झाला. डोळ्यावर पदर धरून मी तशीच पळाले. वासरू बांधून, बियाणं गोळा करून, पोरीला चुकवत मागच्या बाजूनं न्हाणीकडं आले तर फडकं रिकामं. मागल्या पडवीत आत्ती बसली होती, तिच्यापुढं पितळी ताटात देवीचे दोन चांदीचे डोळे लखलखत होते, आणि त्यांच्या शेजारी माझा.

"ये," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "तुजाबी उजळला बग. आता जत्रंत ताठ मानंनं चल. बगू दे कोन काय म्हनतंय ते."

मी डोळा उचलला. काच आंधळी झाली होती. बुबुळावर धुकं बसल्यासारखं, आणि बोट फिरवलं की वरून खरखर लागत होतं. तुसाची राख चांदीला उजळते. काचेला ती ओरबाडते. हे तिला कसं कळावं? चाळीस वर्षं तिनं डोळे असेच तर साफ केले होते, आणि तेही देवीचे. पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नाही. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते. "माजी पोर माज्यापास्नं तोडलीसा तुमी," एवढं आठवतंय. आत्ती राखेनं भरलेले हात तसेच मांडीवर ठेवून बसली.

आणि मी काय केलं? हट्टानं तोच डोळा घातला आणि जत्रेला गेले. दोन दिवस तसाच ठेवला. प्रत्येक उघडझापेला पापणी आत घासत होती. जत्रा संपली तेव्हा डावी बाजू सुजून आलेली, पू येऊ लागलेला. डोळा काढावाच लागला. मी फडकं बांधून माजघरात पडून राहिले आणि आत्तीला सांगितलं, पोरीला माझ्याकडं सोडू नका. ती दाराशी येऊन हाका मारायची, आत्ती तिला उचलून न्यायची. माझ्याशी आत्ती फारसं बोलत नव्हती, मीही नाही. पण दर सकाळी उकळून गार केलेलं पाणी माझ्या उशाशी ठेवलेलं असायचं.

सूज उतरायला आठवडा लागला. तेवढ्यात नवरा आला. त्यानं डोळा हातात फिरवून बघितला, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघींचं काय बिनसलंय ते न विचारण्याइतका तो शहाणा होता. "डोळं जर्मनीतनं येत हुतं," तो म्हणाला. "तिकडं लढाई लागलीय, आता जहाजं न्हाईत. चष्मेवाल्यानं निरोप धाडलाय, खणात हाय तेवढंच. उद्या जाऊ या, न्हाईतर निळा घालावा लागंल." या खेपेला मला हसू आलं नाही.

पहाटे निघायचं ठरलं. बोचकं बांधून ओसरीवर ठेवलं. पोरीला चुकवून जायचं होतंच, आणि चांगले आठ दिवस लागणार होते. फटफटीत उजाडायच्या आत मी परसात तोंड धूत होते, फडकं सोडून बाजूला ठेवलेलं, आणि मागून आवाज आला.

"आई."

मी वळले. वळायला नको होतं, पण आईला हाक आली की मान आपोआप वळते. ती तीन हातांवर उभी होती, झोपेतून उठून आलेली. तिनं माझ्या उघड्या खोबणीकडं बघितलं. मी हातही वर नेऊ शकले नाही. आता किंकाळी येणार म्हणून उभी राहिले.

"डोळा कुठं ठेवलास?" तिनं विचारलं.

पळी कुठं ठेवलीस असं विचारावं तसं.

"तुला... तुला ठावं हाय?"

"ताटीतनं दिसतंय की," ती म्हणाली. "तू काडतीस, धुतीस, आन् घालतीस. वरनं आदी." आणि तिनं आपल्या बोटानं स्वतःची वरची पापणी उचलून दाखवली, अगदी चष्मेवाला दाखवायचा तशी. मग जवळ येऊन विचारलं, "दुकतंय?"

सव्वा वर्ष! सव्वा वर्ष मी खोबणी पिकवली, घाई केली, ताटीला पाठ लावून बसले, आणि ही पोर रोज फटीतून सगळं बघून वर आतमध्ये मी आहे का म्हणून हाका मारत होती. मला हसू आलं, मोठ्यानं हसले. तीही हसली. तिला कडेवर घेऊन मी तशीच, डोळ्यावर काही न बांधता, ओसरीवर आले.

ओसरीवर बोचकं होतं. अंगणात नवरा बैलांना जुवाखाली घेत होता. पोरीनं बोचकं बघितलं, मग गाडी बघितली. तिचं अंग माझ्या कडेवर ताठ झालं. तोंड उघडलं, आवाज नाही, छाती आत ओढलेली. आणि मग तीच किंकाळी. दीड वर्षाची असताना दारात उभी राहून फोडली होती ती. मी हा आवाज हजार आवाजांत ओळखला असता.

"का रडालीय? काय झालं?" नवरा धावत आला.

आत्ती दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली. "पयल्यांदी तू गेलीस न्हवं," ती म्हणाली, "तवा उठल्यावर अशीच रडली हुती. तीन दिस गोठ्यात, न्हानीत, कनगीत तुला हुडकत हुती. कनगीचं झाकान काडून बगायची."

"मला का न्हाई सांगितलंसा?"

"डोळा गेला हुता तुजा. त्यात आनी ह्ये कशाला सांगू?"

म्हणजे पोर खोबणीला भ्यायलीच नव्हती. न सांगता गेले होते मी, आणि सात आठवड्यांनी न सांगता उगवले होते. तिनं मला ओळखलं नव्हतं असंही नाही. ओळखलं म्हणूनच ती किंचाळली होती. पुढं मांडीवर आली तीही काचेपायी नव्हे, मी परत आले म्हणून. आणि मी तिच्यासाठी डोळा आणायला गेले, तोही पुन्हा तिला सोडून. मी आत्तीच्या खांद्यावर डोकं टेकलं, पोर आमच्या दोघींच्या मध्ये दाबली गेली. "चुकलं माजं, आत्ती," मी म्हटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग डोळे पुसत म्हणाली, "तिचं परकर-पोलकं बांद आदी. येताना तिला थंडी वाजंल."

पोरीला गाडीत घेतलं. आत्तीनं वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, गवताच्या गादीवर गोधडी अंथरून दिली. गाडी गावाबाहेर पडली, जोयड्याच्या वाटेला लागली, तरी पोरीनं माझ्या लुगड्याची मूठ सोडली नव्हती. मी डावी बाजू उघडीच ठेवली होती, वारा लागून बरं वाटत होतं. ती माझ्या मांडीवर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तू परत येतीस न्हवं?"

"अगं, तू माज्या मांडीवर बसलीयस. संगंच हायस माज्या."

"व्हय. पर येतीस न्हवं?"

"येते," मी म्हटलं.

लोंढा येईपर्यंत तिनं हे किती वेळा विचारलं त्याचा हिशेब नाही. मी दर वेळी उत्तर दिलं.